खानावळीतील तीन स्क्रीन : म्हापशातील कामाच्या नोंदी

२ मे २०२५, शुक्रवार

गोव्यात म्हापशाच्या बाजारपेठेजवळ माझ्या मामांची खानावळ आहे. आजवर दाराशी टांगलेल्या फळ्यावर खडूने दिवसाचे पदार्थ लिहिले जात आणि एखादा पदार्थ संपला की मामी ओल्या फडक्याने ती ओळ पुसत असे. शुक्रवारी, म्हणजे बाजाराच्या दिवशी, पेडण्यापासून डिचोलीपर्यंतची माणसे जेवायला येतात, फळ्यासमोर गर्दी होते, मागच्यांना काही दिसत नाही आणि गल्ल्यावर बसलेल्या मामांना तेच दर दिवसभर तोंडी सांगावे लागतात. एप्रिलमध्ये त्यांनी मला "एक टीव्ही लावून टाक बाबा" असे सांगितले आणि मी ते काम फार सोपे समजलो.

पहिला प्रयोग पेनड्राइव्हचा होता. घरचा जुना टीव्ही आणून त्यात पदार्थांच्या यादीची चित्रे फिरत ठेवली. आठ दिवसांत तो गुंडाळला, कारण बांगडे संपले म्हणून एक ओळ बदलायची झाली तरी संगणक उघडून नवे चित्र करावे लागे, पेनड्राइव्ह काढून पुन्हा लावावा लागे, आणि तेवढ्या वेळात टीव्हीवर फायलींची यादी झळकत राही. म्हणून आता तीन स्क्रीन आणि त्यांच्यासाठी ऑनलाइन डॅशबोर्ड, म्हणजे कोणत्या स्क्रीनवर केव्हा काय दिसावे हे दुरून ठरवण्याचे पान, असे ठरले आहे. एक स्क्रीन गल्ल्यामागे, एक जेवणाच्या खोलीत आणि एक रस्त्याकडच्या खिडकीत लागेल. असेच काम हाती घेणाऱ्याला उपयोग व्हावा म्हणून या नोंदी ठेवत आहे.

७ मे २०२५

आज खरेदी झाली. जाहिरातींसाठी बनवलेली ४३ इंची व्यावसायिक स्क्रीन ४८,००० रुपयांच्या पुढे होती. ती रोज सोळा तास किंवा अहोरात्र चालण्यासाठी केलेली असते, अधिक उजळ असते आणि वीज परत आल्यावर आपोआप सुरू होते. आम्ही ४३ इंची दोन घरगुती टीव्ही प्रत्येकी २३,५०० रुपयांना आणि खिडकीसाठी ३२ इंची एक टीव्ही १२,५०० रुपयांना घेतला. वॉरंटी घरगुती वापरापुरतीच आहे, हे दुकानदाराने बिल करण्यापूर्वीच सांगितले, आणि आम्ही ते ऐकून मान डोलावली.

प्रत्येक टीव्हीमागे रास्पबेरी पाय ४ हा छोटा संगणक बसवायचा आहे. टीव्हीतल्या ब्राउझरमध्येच डॅशबोर्डचे पान उघडून ठेवण्याचा प्रयत्न मी दुकानातच केला होता, पण काही वेळाने टीव्ही ते पान सोडून स्वतःच्या मुख्य पानावर परत गेला. केस आणि मेमरी कार्डासह तीन संगणकांचे १५,६०० रुपये झाले. डॅशबोर्डची सेवा दर स्क्रीनला महिना सुमारे ७०० रुपयांची आहे.

१० मे २०२५, शनिवार

टीव्ही भिंतीवर चढवले. इमारत जुनी असून भिंती चिऱ्याच्या आणि चांगल्या जाड आहेत. गल्ल्याजवळच्या राउटरचे वायफाय जेवणाच्या खोलीत जेमतेम पोहोचत होते आणि खिडकीपर्यंत पोहोचतच नव्हते. वायफाय वाढवणारे एक यंत्र उसने आणून पाहिले, परंतु दुपारी खोली गिऱ्हाइकांनी भरली की जोडणी तुटू लागे. शेवटी माळ्यावरून इंटरनेटची कॅट-६ केबल ओढून घेतली. केबल, नळी आणि मजुरी मिळून ४,३०० रुपये गेले, आणि हा खर्च पहिल्याच दिवशी केला असता तर दोन संध्याकाळी वाचल्या असत्या.

दुसरी चूक चार्जरची झाली. घरात पडून असलेले मोबाइलचे चार्जर मी या संगणकांना लावले. स्क्रीनच्या कोपऱ्यात पिवळी वीज चमकू लागली आणि व्हिडिओ अडखळू लागला. संगणकाला मिळणारा दाब सुमारे ४.६३ व्होल्टच्या खाली गेला की तो हे चिन्ह दाखवतो. या संगणकासाठीचा ५.१ व्होल्ट, ३ अँपिअरचा पुरवठा लावल्यावर चिन्ह गेले. अशा तिघांचे २,५५० रुपये झाले. या संगणकाला मायक्रो एचडीएमआयची, म्हणजे टीव्हीकडे चित्र नेणाऱ्या केबलची, दोन छिद्रे असतात. मी एकावर केबल दुसऱ्या छिद्रात लावली आणि चित्र नीट येईना म्हणून अर्धा तास केबललाच दोष देत बसलो. विजेच्या तोंडाजवळचे छिद्र पहिले, हे नंतर उलगडले.

संध्याकाळी गल्ल्यामागची यादी सुरू केली तेव्हा मासळी थाळीचा दर १८ रुपये दिसत होता. टीव्ही चित्र किंचित मोठे करून कडा कापत होता आणि १८० मधले शून्य कडेबाहेर गेले होते. चित्राच्या आकाराच्या सेटिंगमध्ये 'मूळ आकार' निवडल्यावर शून्य परत आले. मधल्या काळात एका गृहस्थांनी पाच थाळ्या मागितल्या होत्या. आता मी कोणताही मजकूर चारही कडांपासून पाच टक्के आतच ठेवतो.

१३ मे २०२५

डॅशबोर्डवर स्क्रीनची नोंदणी सोपी आहे. स्क्रीनवर एक सांकेतिक क्रमांक दिसतो, तो डॅशबोर्डमध्ये भरला की जोडणी होते. आलेली नावे मात्र तशीच ठेवू नयेत. मी 'डिस्प्ले १, २, ३' तशीच राहू दिली आणि दुसऱ्याच दिवशी गल्ल्यामागची यादी खिडकीत पाठवली. आता नावे 'गल्ला', 'खोली' आणि 'खिडकी' अशी आहेत.

सकाळी ७ ते ११ या वेळेत उंडे-पातळभाजी, मिरची भजी आणि चहा यांची न्याहारीची यादी दिसावी असे वेळापत्रक लावले होते. सकाळी काहीच दिसले नाही, आणि दुपारी साडेबारा वाजता ऐन जेवणाच्या वेळी तिन्ही स्क्रीनवर न्याहारी अवतरली. खात्याचा कालविभाग यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेवर राहिला होता, म्हणून सगळे साडेपाच तास उशिरा घडत होते. खात्याचा विभाग बदलल्यावरही 'खोली' ऐकेना, कारण प्रत्येक स्क्रीनची कालविभागाची सेटिंग वेगळी होती आणि नोंदणीच्या वेळी तिने जुनी सेटिंग उचलली होती. वेळापत्रक करण्यापूर्वी दोन्ही ठिकाणी भारतीय वेळ आहे ना हे पाहावे.

१६ मे २०२५, शुक्रवार

आजचा दिवस अक्षरांनी खाल्ला. तळाशी सरकणारी पट्टी हवी म्हणून डॅशबोर्डमधला एक आकर्षक परिणाम निवडला, ज्यात अक्षरे एकेक करून उमटतात. इंग्रजीत तो छान दिसतो. मराठीत तो प्रत्येक चिन्ह सुटे करतो, त्यामुळे वेलांट्या आणि मात्रा ठिपक्यांच्या वर्तुळांवर लटकून येत होत्या आणि 'सुक्या बांगड्यांची किसमूर' हे वाचता येण्याजोगे उरले नाही. अक्षर-अक्षर हलवणारे सर्व परिणाम बंद केले. आता संपूर्ण ओळ एकसंध सरकते आणि मजकूर शाबूत राहतो.

त्याहून चिवट अडचण 'तिसऱ्या' (म्हणजे शिंपले) या शब्दाची होती. गल्ल्यावर 'तिसर्या' असे दिसत होते आणि मामांनी शाळामास्तरांच्या कडकपणाने ते हेरले. यामागे दोन कारणे होती. मामेभावाने मोबाइलवर साधा 'र', हलन्त आणि 'य' असे टंकले होते, त्यामुळे 'य'वर रफार चढत होता. मराठीतल्या या जोडाक्षरासाठी खालच्या टिंबाचा 'ऱ' वापरावा लागतो. ते दुरुस्त केल्यावर संगणकावरच्या ब्राउझरमध्ये शब्द बरोबर आला, पण टीव्हीवर अक्षरे अजून विचित्र जुळत होती, कारण रास्पबेरी पायमध्ये देवनागरीचा चांगला फॉन्टच नव्हता आणि तो मिळेल त्यावर भागवत होता. 'मुक्त' हा फॉन्ट डॅशबोर्डवर चढवून मांडणीतच बसवल्यावर तिन्ही स्क्रीन सारख्या झाल्या. मांडणी संगणकावर पाहून समाधान मानू नये, प्रत्यक्ष टीव्हीसमोर उभे राहून वाचावी.

जुन्या छापील दरपत्रकाची फाइल छापखान्याकडून मिळाली होती. ती युनिकोडपूर्व, म्हणजे इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरे बसवलेल्या, जुन्या फॉन्टमधली असल्याने डॅशबोर्डमध्ये निव्वळ इंग्रजी अक्षरांचा कचरा उतरला. बदलून घेण्यापेक्षा ७४ ओळी नव्याने टंकणे लवकर झाले.

२३ मे २०२५, शुक्रवार

आठवडाभर यादी चित्रांच्या रूपात होती आणि दर बदलला की मी पणजीच्या कार्यालयातून जेवणाच्या सुट्टीत नवे चित्र चढवत असे. असे फार दिवस चालणार नव्हते. बुधवारी पदार्थ, दर आणि 'संपले' असे तीन रकाने असलेली एक ऑनलाइन शीट केली आणि डॅशबोर्डमधला साचा तिला जोडला. शीटमधल्या 'संपले' या चौकटीत खूण केली की स्क्रीनवर त्या ओळीचा रंग फिका पडतो. दर देवनागरी अंकांत लिहिले की शीट त्यांना मजकूर समजते आणि दरांनुसार क्रम लावताना ९० रुपये १८० च्या खाली जातात, म्हणून शीटमध्ये साधे अंक ठेवले आणि देवनागरी रूप साच्याकडून करवून घेतले.

आज बाजाराच्या गर्दीत याची परीक्षा झाली आणि ती आम्ही नापास झालो. सुंगटांची (कोळंबीची) कढी सव्वा वाजता संपली, मामीने लगेच खूण केली, परंतु स्क्रीनवर ती पावणेदोनपर्यंत शिल्लक दिसत होती. कढीच्या आशेने रांगेत थांबलेल्या दोघांचा मामांशी चांगलाच वाद झाला. साचा शीटकडे दर तीस मिनिटांनी पाहत होता, असे नंतर कळले. सेवा पाच मिनिटांपेक्षा कमी अंतर देत नाही, आणि प्रकाशित केलेली शीटसुद्धा ताजा बदल लगेच बाहेर देत नाही. त्यामुळे पाच मिनिटे ठेवूनही कधी कधी बदल दिसायला आठ-दहा मिनिटे लागतात. मी ही दहा मिनिटे कमी करण्याच्या मागे होतो.

तोडगा मामीने काढला. ती म्हणाली, "संपल्यावर कशाला सांगायचं? सहा वाट्या उरल्या की मी टिक करते, तोवर संपतेच." गर्दीच्या वेळी दहा मिनिटांत साधारण तेवढ्याच वाट्या जातात, हे तिला मोजल्याशिवाय ठाऊक होते. मी रकान्याचे नाव 'संपत आले' असे बदलले आणि फिका रंग काढून तिथे पिवळी पट्टी दिली. दुपारच्या दुसऱ्या पंगतीपासून तक्रार आली नाही.

मामीचे हात मासळीने आणि मसाल्याने भरलेले असतात, त्यामुळे तिला स्वतःचा मोबाइल घेणे जमत नाही. एक जुना मोबाइल प्लास्टिकच्या पिशवीत घालून चुलीपासून लांबच्या खांबाला टांगला आहे आणि त्यावर फक्त शीट उघडी असते. पिशवीवरूनही बोट चालते.

२७ मे २०२५, मंगळवार

यंदा मोसमी पाऊस २४ मे रोजीच केरळात पोहोचला आणि आमच्याकडेही लगोलग कोसळू लागला. कामाचा हिशेब पाऊस जूनच्या पहिल्या आठवड्यात येईल असा होता. काल दिवसभरात वीज सात वेळा गेली.

घरगुती टीव्ही वीज परत आल्यावर विश्रांतीच्या स्थितीत राहतात, म्हणजे दर वेळी कोणीतरी रिमोट घेऊन तिन्हीकडे फिरायचे. दोन टीव्हींच्या खोलवरच्या सेटिंगमध्ये 'वीज आल्यावर चालू' हा पर्याय सापडला. तिसऱ्यात तो नव्हता. त्यासाठी संगणक सुरू होताना एचडीएमआय केबलवरूनच टीव्ही चालू करण्याची आज्ञा जाईल अशी सोय केली. चार तास रिमोट हलला नाही तर स्वतः बंद होण्याची टीव्हींची सवयही त्याच पानावर मोडली.

सात वेळा वीज जाण्यात 'खिडकी'चे मेमरी कार्ड बिघडले. कार्डावर लिहिणेच बंद करण्याचा पर्याय करून पाहिला. कार्ड सुरक्षित राहिले, पण डॅशबोर्डवरून उतरवून घेतलेला मजकूर दर वेळी संगणक सुरू होताना नाहीसा होई आणि इंटरनेट नसेल तर स्क्रीन कोरी राही. तो पर्याय सोडला. टिकाऊ प्रकारची दोन कार्डे १,३०० रुपयांना आणि राउटर व तिन्ही संगणकांसाठी एक लहान यूपीएस ३,४०० रुपयांना घेतला. टीव्ही यूपीएसवर नाहीत. ते विझले तरी नुकसान होत नाही.

सर्वांत विचित्र प्रकार रात्री घडला. वीज आली, इंटरनेट आले नाही, आणि नऊ वाजता गल्ल्यावर न्याहारीची यादी झळकली. रास्पबेरी पाय ४ मध्ये बॅटरीवर चालणारे घड्याळ नसते. तो इंटरनेटवरून वेळ घेतो, आणि ते नसेल तर शेवटी जतन केलेली वेळ धरून पुढे मोजत राहतो. त्याच्या हिशेबाने अजून सकाळ होती. डीएस३२३१ जातीचे घड्याळाचे तीन सुटे भाग ७५० रुपयांना मागवले आहेत.

काल सोमवार होता. आमच्या गिऱ्हाइकांपैकी निम्मे सोमवारी मासळी खात नाहीत, म्हणून त्या दिवशी शाकाहारी थाळी वर आणि मासळी खाली अशी वेगळी मांडणी आहे. ती रोजच्या मांडणीवर मात करण्याऐवजी तिच्याशी आलटून-पालटून दिसत राहिली. दोन्हींचा प्राधान्यक्रम शून्य होता. सोमवारच्या मांडणीला एक दिला आणि प्रश्न मिटला.

१ जून २०२५

आजपासून ३१ जुलैपर्यंत, म्हणजे ६१ दिवस, यांत्रिक बोटींना मासेमारी बंदी. इसवणाचा (सुरमईचा) दर रोज वेगळा, कधी इसवणच नाही. या काळासाठी सुकी मासळी, तिसऱ्या आणि खाडीची मासळी वर आणणारी वेगळी मांडणी तारखा घालून लावली. दराच्या जागी 'गल्ल्यावर विचारा' असे लिहिण्याची मुभा मामांनी मागितली. मी आधी विरोध केला, कारण मग स्क्रीन कशाला, पण दिवसातून तीनदा दर बदलण्यापेक्षा ते प्रामाणिक आहे.

६ जुलै २०२५

'खिडकी' फसली. घरगुती टीव्हीचा उजेड रस्त्यावरच्या उजेडापुढे टिकत नाही. ऊन पडले की काचेत समोरचे दुकान आणि स्कूटर दिसतात, यादी दिसत नाही. काळी पार्श्वभूमी म्हणजे आरसाच, म्हणून पांढऱ्यावर काळी, मोठी आणि फक्त पाच ओळींची मांडणी केली. ढगाळ दिवशी ती वाचता येते, आणि सध्या सगळेच दिवस ढगाळ आहेत. ओलीमुळे मागच्या एचडीएमआय टोकावर हिरवट थर धरला होता, तो साफ करून जोड टेपने बंद केला. 'खोली'च्या टीव्हीवर स्वयंपाकघराचा तेलकट पापुद्रा बसतो आणि तो कोरड्या मऊ फडक्याने आठवड्यातून एकदा पुसावा लागतो. फवारा मारून पुसू नये. मामेभावाने तसे केले आणि खालच्या कडेला पाण्याचा एक डाग आत राहिला आहे.

याच मामेभावाने 'जुने काढून टाकतो' म्हणत जूनची चालू मांडणी पुसली. आता डॅशबोर्डचे पूर्ण अधिकार माझ्याकडे आहेत, तो फक्त चित्रे चढवू शकतो, आणि मामीला डॅशबोर्ड दिसतच नाही, तिच्याकडे फक्त शीट आहे. मामांनी पासवर्ड घेतलाच नाही.

३१ जुलै २०२५, गुरुवार

बंदीचा आज शेवटचा दिवस, आणि सकाळपासून स्क्रीनवर ताजे इसवण फ्राय. मांडणी संपण्याची तारीख मी ३१ जुलै घातली होती आणि वेळ रिकामी सोडली होती. डॅशबोर्डने ती ३१ तारखेची मध्यरात्र, म्हणजे ३० तारखेची अखेर मानली. श्रावण सुरू होऊन आठवडा झाल्याने मासळीची गिऱ्हाइके थोडी होती, म्हणून निभावले. शेवटची तारीख लिहिताना २३:५९ ही वेळही लिहावी.

३० ऑगस्ट २०२५

चतुर्थीसाठी खानावळ २६ पासून बंद होती आणि आम्ही सगळे सत्तरी तालुक्यात मूळ घरी होतो. तिन्ही स्क्रीन रात्री दहा ते सकाळी सहा बंद राहाव्यात असे वेळापत्रक होते. २८ च्या रात्री शेजारच्या दुकानदारांचा फोन आला, की खिडकीत निळ्या पडद्यावर 'सिग्नल नाही' असे रात्रभर फिरते आहे. डॅशबोर्डने चित्र थांबवले होते, टीव्ही नव्हे. घरच्या पडवीत बसून मोबाइलवरून टीव्ही बंद करण्याची आज्ञा वेळापत्रकात जोडली. गल्ला आणि खिडकी विझल्या. 'खोली' विझली नाही, पण तिथे पाहणारे कोणी नव्हते.

२२ सप्टेंबर २०२५, सोमवार

घटस्थापना. नवरात्रभर सोमवारचीच शाकाहारी मांडणी चालवायची आहे, त्यासाठी फक्त तारखा बदलाव्या लागल्या आणि चार मिनिटांत काम झाले. मे महिन्यात याला एक संध्याकाळ लागली असती.

आजपासून ३२ इंचांहून मोठ्या टीव्हींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला. आमच्या दोन मोठ्या टीव्हींवर मिळून सुमारे ३,६७० रुपये वाचले असते. मामांना हे वर्तमानपत्रातून माझ्याआधी समजले.

हिशेब असा : टीव्ही ५९,५००, संगणक १५,६००, वीजपुरवठे २,५५०, केबल ४,३००, भिंतीचे स्टँड २,७००, यूपीएस ३,४००, कार्डे १,३०० आणि घड्याळे ७५०, म्हणजे ९०,१०० रुपये. पाच महिन्यांची सेवा १०,५०० रुपये. एकूण १,००,६०० रुपये. माझ्या सुमारे वीस दिवसांच्या संध्याकाळी गेल्या, त्यांतल्या निम्म्याहून अधिक अक्षरे आणि वीज यांवर.

'खिडकी'चा निर्णय बाकी आहे. पाऊस ओसरून ऊन वाढले की ती पुन्हा दिसेनाशी होईल. उजळ व्यावसायिक स्क्रीन घ्यायची, की हा टीव्ही आत हलवून खिडकीत जुना फळा टांगायचा, हे दसऱ्यानंतर ठरेल. मामी फळ्याच्या बाजूची आहे.